चारशे तीनचा जोड

केरबा मगदूमला घरातलं कोणी बाहेरगावी न्यायला राजी नसायचं. माणूस खर्चिक नव्हता, खाण्यापिण्याचे नखरे नव्हते, गाडीत झोपला तर घोरायचासुद्धा नाही. खोड एकच. कुठल्या लॉजवर, भक्तनिवासात, नाहीतर कुणाच्या नव्या फ्लॅटवर पाऊल टाकलं की हा गडी पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या आधी गॅलरीत जायचा, कठडा दोन्ही हातांनी धरायचा आणि शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर येऊन बघतील इतका गदागदा हलवायचा. मग उकिडवा बसून जोड बघायचा, नखानं रंग खरवडायचा आणि निकाल द्यायचा. "बरा हाय," किंवा "हितं पोरास्नी सोडू नगा."

एकुलत्या एका मुलीची, क्रांतीची, सोयरीक ठरवायला गेले तेव्हा बनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, घरातून निघतानाच बजावलं होतं की आज हात खिशात ठेवायचे. पोहे येईपर्यंत केरबानं दम धरला. मग गच्ची बघून येतो म्हणून वर गेला, आणि खाली आला तेव्हा त्याच्या हातात दोन फूट पाइप होता. सोयरीक मोडली नाही हे नशीब. व्याह्यांनी सगळा कठडा त्याच्याकडूनच नवा करून घेतला आणि अजून ते चारचौघांत हा किस्सा रंगवून सांगतात.

केरबाला यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यानं अकरा वर्षं वेल्डिंग केलं होतं, मग कळंब्याच्या रस्त्याला स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं होतं. "माणूस कठड्यावर इस्वासानं टेकतंय," तो म्हणायचा. "घरात भितीला टेकताना इचार करतंय काय कोन? तसंच पावण्यांचं. सुट्टीवर आलेला माणूस गॅलरीत आला की पैल्यांदा टेकणार. त्यो टेकायच्या आधी आपण टेकून बघितलं पायजे." कठडा बेंबीच्या वर आला पाहिजे, दोन सळ्यांच्या मधून नारळ जाता कामा नये, कठड्याला लागून खुर्ची ठेवायची नाही, हे तो गिऱ्हाइकाला जांभई येईपर्यंत ऐकवायचा. कामाला पक्का आणि तारखेला पक्का अशी त्याची ख्याती होती. ती त्याला जिवापाड प्यारी होती, आणि तिनंच त्याला खड्ड्यात घातलं.

राजारामपुरीत पारसनं सात मजली हॉटेल बांधायला घेतलं, 'सप्तगंध' नावाचं. पारस पस्तिशीचा, भांड्यांच्या दुकानात वाढलेला, बोलायला गोड आणि कामाला घाईचा. हॉटेलच्या मागच्या वाहनतळावरची पत्र्याची शेड, जिन्याचे कठडे आणि अठ्ठावीस गॅलऱ्या, सगळं काम त्यानं केरबाकडं दिलं. उद्घाटन दसऱ्याचं धरलेलं. अंबाबाईला नवरात्रात येणारी गर्दी हुकली होती, पण दिवाळीच्या सुट्टीतले पर्यटक तरी सापडले पाहिजेत म्हणून पारसचा जीव वरखाली होत होता. केरबानं पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाकलं होतं, "अष्टमीला माझं काम संपल. नवमीला माझी हत्यारं पूजेला बसत्यात. मग मला बोलवायचं न्हाय."

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा सण. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हातोड्या, पाने, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून घरी येईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला दोन दिवस विसावा. दुकान टाकल्यापासून केरबानं हा नेम एकदाही मोडला नव्हता.

अष्टमीला दुपारपर्यंत सत्तावीस गॅलऱ्या पक्क्या झाल्या. राहिली चौथ्या मजल्यावरची चारशे तीन. कठडा जागेवर उभा केला आणि प्रत्येक जोडाला टाका मारून घेतला. शिंपी कापड सरकू नये म्हणून कच्ची शिलाई घालतो, तसा हा टाका. हरभऱ्याएवढा वेल्डिंगचा ठिपका, काम नुसतं सरळ उभं राहावं एवढ्यापुरता. त्यावर मग चारी बाजूंनी पक्कं वेल्डिंग फिरवायचं असतं. ते फिरवायला केरबानं काच तोंडासमोर धरली आणि लाइट गेली. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता. सहापर्यंत वाट बघितली, लाइट आली नाही. केरबाकडं पंधरा वर्षं वेल्डर असलेला जोतीराम म्हणाला, "मालक, सकाळी येऊन मारूया की. अर्ध्या तासाचं काम हाय." दोन्ही मशीनं टेम्पोत घालून ते परत आले.

पण नवमीच्या सकाळी केरबा आंघोळ करून दुकानात आला तोवर बनाबाईनं दोन्ही मशीनं धुऊन पाटावर बसवली होती. हळदीची बोटं ओढून झाली होती. केरबा दारात उभा राहिला, मशीनकडं बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. साडेदहाला आरती झाली. अकराला पारसचा फोन आला.

"केरबाकाका, रंगारी आलाय वो. चारशे तीनचं झालंय न्हवं?"

खरं सांगायला काय लागत होतं? लाइट गेली, राहिलंय, एवढंच. पण मग पारस म्हणणार, उद्या उद्घाटन आहे, आत्ताच्या आत्ता या. गेलं तर नेम मोडला, नाही गेलं तर तारीख चुकली. आणि 'राहिलंय' हा शब्द केरबानं गिऱ्हाइकाला आजवर कधी ऐकवला नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन अर्ध्या तासात करून टाकू, कुणाला कळायचंय, असा विचार मनात आला आणि तोंडातून निघूनही गेलं.

"झालंय. रंग मारून घ्या."

रंगाऱ्यानं जोडात पुट्टी भरली आणि वरून काळा रंग मारला. रंग चढला की कच्चं आणि पक्कं सारखंच दिसतं. दसऱ्याला फीत कापली गेली, पारसनं केरबाच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, वाकून नमस्कार केला, आणि केरबानं तो घेतला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन हॉटेलवर गेला, हे खरं. चारशे तीनमध्ये पुण्याचे पाहुणे उतरले होते. मॅनेजर म्हणाला, "कशाला काका, एवढं झकास दिसतंय." केरबा म्हणाला, जरा हात फिरवायचा होता. मॅनेजर म्हणाला, गुरुवारी या. गुरुवारी खोलीला कुलूप होतं, माणसं पन्हाळ्याला गेलेली. ती खोली बंद ठेवा, तिथं कुणाला सोडू नका, असं केरबा ठणकावून सांगू शकला असता. त्यासाठी आधी आपण खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं. तो मशीन घेऊन परत आला. मग कागलला एका कारखान्याची मोठी शेड लागली आणि तो तिकडं अडकला. सकाळी जाताना आठवायचं, संध्याकाळी येताना विसरलेलं असायचं. कठडा चार दिवस टिकला, आठ दिवस टिकला, तसं त्याला वाटायला लागलं की टिकेलही. ज्यानं साऱ्या मुलखाचे कठडे हलवून पाहुण्यारावळ्यांत स्वतःचं हसं करून घेतलं, तो आपल्याच कठड्याकडं पाठ करून बसला होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तो कागलला शेडवर होता. पारसचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"काका, पावण्यांची बाई पडली वो. चारशे तीन."

पुढचं केरबाला ऐकू आलं नाही. जोतीरामच्या मोटरसायकलवर मागं बसून तो कोल्हापुरात आला. सगळ्या वाटेवर तो एकच गोष्ट मागत होता, की जोड दुसरीकडून तुटलेला असू दे. बाई वाचू दे हे मागायचं त्याला उजळाईवाडीपर्यंत सुचलं नाही. नंतर आठवलं तेव्हा त्याला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

पडली होती अनुजा. परभणीची, सव्वीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेली. नवरा आदर्श आणि सासू यांच्याबरोबर अंबाबाईच्या दर्शनाला आली होती. ते दोघं खाली नाश्त्याला गेले होते आणि ती खोलीत एकटी होती. चौथ्या मजल्यावरून ती आली ती सरळ फरशीवर नाही, वाहनतळाच्या शेडवर. पत्रा खोलगट वाकला, एका बाजूनं फाटला, आणि ती त्यातून घसरून खालच्या स्कूटरवर आदळली. मांडीचं हाड मोडलं, कंबरेचं मोडलं, दोन बरगड्या गेल्या, डोक्याला मार बसला. पण जीव राहिला. एवढ्या उंचीवरून पडलेलं माणूस सहसा हाती लागत नाही, पत्र्यानं पहिला दणका झेलला म्हणून ही वाचली, असं डॉक्टरांनी सांगितलं.

केरबा पोचला तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. कठडा शेडच्या कडेला अडकून लोंबत होता आणि त्याच्या वरच्या पाइपाला एक ओलं लुगडं गुंडाळलेलं होतं, हिरवं, तांबड्या काठाचं. केरबानं पाइपाचं टोक बघितलं. सगळीकडं काळा रंग आणि मधोमध हरभऱ्याएवढा चकचकीत ठिपका. त्यानं त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. शेजारी पोलीस उभा होता. अंगठा आपण मुद्दाम ठेवला की हात आपोआप गेला, हे केरबाला पुढं कितीही विचार करून ठरवता आलं नाही.

तासाभरात सगळ्या राजारामपुरीला कारण सापडलं होतं. सेल्फी. बाईचा फोन स्कूटरखाली मिळाला आणि त्यातला शेवटचा फोटो त्याच गॅलरीतला निघाला. झालं, एवढं पुष्कळ होतं. समोरच्या क्लासच्या पायरीवर उभा असलेला एक जण म्हणाला, ती कठड्यावर चढली होती. दुसरा म्हणाला, बसली होती. दोघांनीही पाहिलं नव्हतं. पोलिसांनी लिहिलं की फोटो काढताना कठड्यावर भार टाकल्यानं तोल गेला, आणि आदर्शनं त्या कागदावर सही केली. शुद्धीवर आल्यावर अनुजाला त्या सकाळचं काहीच आठवेना. सगळे सांगत होते तेच खरं असणार म्हणून तिनंही तसाच जबाब दिला.

पारस प्रामाणिकपणे घाबरला होता. त्यानं केरबालाच सगळे कठडे तपासायला लावले. केरबानं उरलेले सत्तावीस हलवून बघितले आणि सांगितलं, "पक्के हायत." ते होतेच. पारस म्हणाला, "तुमच्या कामाला बघायला लागतंय व्हय काका. माणसंच अशी वागत्यात." मग त्यानं तुटलेला कठडा भंगारात न्यायला सांगितला. केरबानं तो लुगड्यासकट टेम्पोत घातला आणि दुकानाच्या मागं नेऊन टाकला.

इथवर निदान तो गप्प राहिला होता एवढंच. पण आठव्या दिवशी गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव दुकानात आले. हंबीररावांना सत्काराचा भारी सोस. दहावी पास झालेल्यापासून नवी म्हैस घेतलेल्यापर्यंत त्यांच्या तडाख्यातून कोणी सुटत नसे. "केरबा, तुझ्या शेडनं एका पावण्या लेकीचा जीव वाचवला. कोल्हापूरचं नाव राखलंस गड्या. रविवारी फेटा बांधायचा."

"नगा वो. मी काय केलंय?" केरबा म्हणाला.

"ह्येच तर. खरा माणूस असंच म्हणतोय," हंबीरराव म्हणाले.

रविवारी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. केरबाला भगवा फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. एका चॅनेलवाल्यानं मोबाइलवर सगळं टिपलं. हंबीररावांनी माईक हातात घेतला. एकीकडं हा कारागीर, म्हणाले, ज्याचं काम पडणाऱ्याला झेलतंय, आणि दुसरीकडं ही आजकालची पोरं, ज्यांना जिवापेक्षा फोटो प्यारा. "आयाबहिणींनो, फिरायला जावा, पण गॅलरीत जाऊन असले चाळे करू नका. सासूसासऱ्यांच्या तोंडाला काळं लागतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तर मान हलवून 'खरं हाय' म्हणाली. आत्ता उठावं, माईक घ्यावा आणि एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं, असं केरबाला वाटलं. तो उठला. लोकांना वाटलं, आभार मानायला उठला. त्यानं हात जोडले आणि परत खाली बसला.

त्यानंतर त्याच्या जिवाला थारा राहिला नाही. व्हिडिओ सगळीकडं फिरला. व्याह्यांचा फोन आला, जुन्या गिऱ्हाइकांचे आले, दोन नव्या हॉटेलांचं काम चालून आलं. प्रत्येक अभिनंदनाला केरबा 'व्हय, व्हय' म्हणायचा आणि जेवण तसंच ठेवून उठायचा. पंधरा वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून काम केलं त्या जोतीरामच्या नजरेला नजर देईना. शेवटी जोतीरामच एकदा म्हणाला, "कोन इचारतंय मालक? बाई वाचली, कागद झाला. तुमी कशाला जिवाला लावून घेताय?" त्याला सगळं ठाऊक होतं. लाइट गेली तेव्हा तोही तिथंच उभा होता. केरबाला त्याचा राग आला, आणि राग यायचा आपल्याला काय अधिकार, हेही लगेच कळलं.

पडल्याला अठरा दिवस झाले तेव्हा बनाबाई दुकानाच्या मागं शेणी आणायला गेली आणि हातात ते लुगडं घेऊन आली. वाळून कडक झालेलं, पण चांगलं, भारीतलं.

"भंगारात कुणाचं वो हे?"

केरबा बसल्या जागी बोलायला लागला. लाइट, टाका, फोन, 'झालंय', अंगठा, सगळं. ऐकून झाल्यावर बनाबाई लुगड्याची घडी घालत राहिली.

"मशीन म्या पाटावर मांडलं म्हणून न्हाय गेला?" तिनं विचारलं.

"व्हय. हळद लागलीवती."

"मग सांगायचं हुतं की. पुसून दिली असती. अर्ध्या तासात आणून परत लावली असती." तिचा आवाज चढला नव्हता. "देवीला येवडं कळत न्हाय व्हय? देवीवर कशाला घालताय? तुमास्नी राहिलंय म्हणायची लाज वाटली."

इतके दिवस केरबा स्वतःला नेमाचा माणूस समजून थोडी तरी उभारी धरून होता. बायकोनं तीही काढून घेतली, आणि ती बरोबर होती.

"हे त्यास्नी नेऊन द्या जावा," बनाबाई म्हणाली. "नुसतं लुगडं न्हाय."

राजारामपुरीतच तो खासगी दवाखाना होता, तिसऱ्या मजल्यावर. केरबा पिशवी घेऊन गेला तेव्हा अकरा वाजले होते. अनुजा पाठीवर निजली होती, एक पाय वजनाला टांगलेला. आदर्श खिडकीपाशी औषधांची बिलं लावत होता. सासूनं केरबाला व्हिडिओवरून ओळखलं आणि ती ताडकन उठली.

"अहो, तुम्हीच ना ते शेडवाले? या, भाऊ, बसा. तुमच्या हातानं आमची सून वाचली." तिनं खुर्ची पुढं ओढली, पदरानं पुसली. मग उभ्याउभ्याच सुरू झाली. "काय सांगू तुम्हाला. सारखी म्हणत होते, फोन ठेव, फोन ठेव. नाही ऐकलं. आता जन्माचं अधू होऊन बसली. गावाकडून ज्याचा फोन येतो तो हसून विचारतो, फोटो कसा आला म्हणून. माझ्या लेकानं तोंड कुठं दाखवावं?"

"चुकलं, आई," अनुजा छताकडं बघत म्हणाली. रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेला शब्द होता तो. मग तिनं मान केरबाकडं वळवली. "काका, तुमचे उपकार आहेत. मला त्या सकाळचं काही आठवत नाही, पण मीच मूर्खासारखी वाकले असणार. कठडा चांगला होता. मी पोलिसांना तसं लिहून दिलंय."

केरबा खुर्चीत बसलाच नव्हता. "कठडा चांगला नव्हता," तो म्हणाला.

आदर्शनं वर बघितलं.

"त्यो म्या केलाय. शेड बी माझी, कठडा बी माझाच. समद्या जोडास्नी पक्कं वेल्डिंग करायचं हुतं, त्या गॅलरीला नुसतं टाकं मारलं हुतं. लाइट गेली. दुसऱ्या दिशी पारसशेठनं इचारलं आनि म्या झालंय म्हणून खोटं बोललो. त्याला ठावं न्हाय. तू वाकली असशील न्हायतर नसशील, पोरी. त्यो कठडा कुणी नुसता टेकला असता तरी गेला असता. ल्हान पोर टेकलं असतं तरी बी."

अनुजानं विचारलं, "मग मी फोटो काढत नव्हते?"

"त्ये मला कसं ठावं असंल? पन ह्ये कठड्याच्या पाइपाला गुंडाळलेलं हुतं. वलं." त्यानं पिशवीतून लुगडं काढून पलंगाच्या कडेला ठेवलं. "फोटू काढणारं माणूस हातात लुगडं कशाला घील?"

सासूनं लुगडं उचललं आणि तिथंच पलंगाच्या पायथ्याशी बसली. ते तिचं होतं. नाश्त्याला जाताना, एवढं वाळत घाल गं, असं तीच सुनेला सांगून गेली होती, आणि या अठरा दिवसांत ते तिला एकदाही आठवलं नव्हतं. तिनं सुनेच्या मोकळ्या पायावर हात ठेवला.

अनुजा रडली नाही. ती केरबाकडंच बघत होती. "अठरा दिवस झाले, काका," ती म्हणाली. "अठरा दिवस मी सगळ्यांची माफी मागतेय. आईंची, यांची, माझ्या बाबांची. बाबा भेटायला आले होते, ते माझ्याशी न बोलता गेले. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"व्हय."

"फेटा बांधला तेव्हापण?"

"व्हय," केरबा म्हणाला.

आदर्शनं बिलं खिशात घातली. "चला," तो म्हणाला, "पोलीस स्टेशनला."

"चला," केरबा म्हणाला. तो मुकाट्यानं आदर्शच्या मागून निघाला. जिना उतरताना त्याला एकदम हलकं वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. आणि ते हलकं वाटणं जाणवलं तसा तो मधल्या पायरीवर थबकला. ती पोरगी वर पाय टांगून पडली होती, आणि मोकळा झाला होता तो. सगळं सांगितलं होतं, लाइटचं, टाक्याचं, लुगड्याचं. माफी मागितलीच नव्हती.

"जरा थांबा," तो आदर्शला म्हणाला आणि कठड्याला न धरता परत वर गेला. दारातच उभा राहिला. सासू सुनेचे केस कपाळावरून मागं सारत होती.

"माफ कर मला, पोरी," तो म्हणाला.

अनुजानं डोळे उघडले नाहीत. "आधी लिहून देऊन या, काका," ती म्हणाली. "मग माझ्या बाबांना फोन करा. माफीचं त्यानंतर बघू."

केरबानं मान हलवली आणि जिना उतरायला लागला.